योरिएल पिन्सोनची मांडी

योरिएल पिन्सोनच्या मांडीने यंदा चौथ्याच सामन्यात दगा दिला, आणि त्या दिवशी दीदिमो बारियाने ठरवलं की हे प्रकरण आता आपणच हातात घ्यायचं. (प्रकरण म्हणजे मांडी. ती प्रत्यक्ष हातात घ्यायची होती त्याच्या बायकोने. पण निर्णय त्याचा होता, आणि पुढे जे रामायण झालं त्यातला प्रत्येक निर्णय त्याचाच होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.)

दीदिमो हा पनामातल्या ग्वारारे गावचा कारकून. नगरपालिकेत बसून गुरांच्या डागण्यांची नोंद ठेवायची, कुणाच्या बैलाच्या पुठ्ठ्यावर कुठलं चिन्ह आहे ते बैलाच्या चित्रासकट मोठ्या वहीत काढून घ्यायचं, हे त्याचं काम. वय अठ्ठेचाळीस, पोट थोडं पुढे, स्वभाव गरीब. पण बेसबॉलचा विषय निघाला की त्याच्या अंगात यायचं. प्रांताचा संघ गेली एकोणीस वर्षं अजिंक्यपदाच्या वाऱ्यालाही उभा राहिला नव्हता. त्या एकोणीस वर्षांत दीदिमोने मुलगी वाढवली, तिचं लग्न लावून दिलं, तिला राजधानीला धाडलं, तीनदा चष्म्याचा नंबर बदलला, आणि दर उन्हाळ्यात न चुकता रेडिओपुढे छाती धरून हरला.

मग चार वर्षांपूर्वी योरिएल आला. सतरा वर्षांचा, काटकुळा, शॉर्टस्टॉपच्या जागेवर उभा राहणारा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला तो सगळा मुलूख त्याचा. तिथून चेंडू जातोय असं वाटायचं आणि तो त्याच्या हातात असायचा. बॅट फिरवायचा ती तर अशी, की दीदिमोसारखा माणूस शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारून मोकळा व्हायचा. (एकदा मारली होती. तिचा नवरा समजूतदार निघाला.)

पण हा मुलगा टिकेल तर ना! पहिल्या वर्षी अकराव्या सामन्यात घोटा मुरगळला. दुसऱ्या वर्षी सहाव्या सामन्यात अंगठा गेला. तिसऱ्या वर्षी तर तो खेळतही नव्हता. बाकावर बसल्या बसल्या शिंकला आणि कमरेत उसण भरली. एक शिंक, आणि सगळा हंगाम संपला! त्या आठवड्यात दीदिमोने तीन जणांच्या बैलांना भलत्याच डागण्या बहाल केल्या आणि दोन भावांत भांडण लावलं.

यंदा चौथ्या सामन्यात पहिल्या बेसकडे धावताना योरिएल मध्येच लंगडला आणि मांडीची मागची बाजू धरून खाली बसला. प्रेक्षकांतून असा सुस्कारा निघाला की मैदानातली धूळ उडाली.

"काचेचा आहे तो," दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा ब्रेदियो म्हणाला. "त्याला कपाटात ठेवायचा आणि सणासुदीला बाहेर काढायचा."

"काचेचा नाही," दीदिमो म्हणाला. "त्याला अजून योग्य हात लागलेला नाही."

आणि योग्य हात त्याच्याच घरात होता. त्याची बायको नेरेइदा ही आईकडून ही विद्या शिकलेली. निखळलेला खांदा, लचकलेली मान, घोड्यावरून पडलेला म्हातारा, झाडावरून पडलेला पोर, सगळे तिच्या मागच्या पडवीत येत. तिथे एक लांब बाक होता आणि कापूर नि सापाच्या चरबीचं हिरव्या बरणीतलं मलम होतं. ती बोटांनी चाचपायची, "हं" म्हणायची, आणि माणूस आठवड्याने चालत घरी जायचा.

म्हणून सोमवारी दुपारी दीदिमो योरिएलला घेऊन घरी आला. छाती इतकी फुगलेली की शर्टाच्या एका बटणाने राजीनामा दिला.

"नेरे! बघ कोण आलंय!"

नेरेइदाने हात पुसत पाहिलं. "कोण आलंय?"

"कोण म्हणजे? योरिएल पिन्सोन!"

"बरं," नेरेइदा म्हणाली आणि मुलाकडे वळली. "जेवलायस का रे?"

चार वर्षं रोज रात्रीच्या जेवणात दीदिमो या मुलाबद्दल बोलत होता. ती मान डोलावत होती. ती मान नुसतीच डोलत होती, हे दीदिमोला त्या क्षणी कळलं. पण त्याने ते मनाला लावून घेतलं नाही. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिच्या दृष्टीने नऊ माणसं उन्हात उभी राहून कसली तरी वाट बघत, इतकंच.

तिने योरिएलला बाकावर पालथं झोपवलं, दोन बोटांनी मांडी चाचपली आणि "हं" म्हणाली. मग दुसऱ्यांदा "हं" म्हणाली.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "दोन वेळा चोळायचं. पळायचं नाही. आणि दोन्ही वेळा इथंच जेवायचं. हाडाला कातडी चिकटलीय नुसती, स्नायू राहणार कशावर?"

"तीन आठवडे? नेरे, उपांत्य सामना एकोणिसाव्या दिवशी आहे!"

"मग मांडीला सांग तसं."

योरिएल हसला. दीदिमोने या मुलाला चार वर्षांत कधी हसताना पाहिलं नव्हतं. छान हसायचा. तो आपल्या बोलण्यावर हसला असता तर किती बरं झालं असतं, असं त्याला उगीचच वाटून गेलं.

पहिले तीन दिवस सुखात गेले. चौथ्या दिवशी दीदिमो दुपारी ऑफिसातून परत आला तर पडवीतून हसण्याचे आवाज. नेरेइदाचं हसू! असं हसू त्याने शेवटचं ऐकलं होतं ते मुलीच्या लग्नात, विहीणबाई खुर्चीसकट मागे गेल्या तेव्हा.

तो पडवीत पोचताच हसू थांबलं.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"काही नाही," दोघं एकदम म्हणाले.

काही नाही! "काही नाही" ला कुणी डोळे पुसतं का?

त्याने खुर्ची ओढली. आता आपल्या विषयावर गाडी आणावी म्हणून म्हणाला, "योरिएल, दोन वर्षांपूर्वी तो आठव्या डावातला झेल. तू उलटा पळत गेलास, पाठमोरा, आणि चेंडू न बघता हात वर केलास. त्या वेळी तुझ्या मनात काय होतं रे?"

योरिएलने मनापासून आठवून पाहिलं. "नाही आठवत, सेन्योर बारिया."

सेन्योर बारिया. ऑफिसच्या खिडकीपलीकडून गुराखी हाक मारतात तशी. तिला मात्र तो "सेन्यो" म्हणत होता, मायेने, जवळच्या घरातल्या मोठ्या बाईला म्हणावं तसं.

जेवताना नवीनच प्रकार. कोंबडीच्या रश्श्यातला मांडीचा तुकडा गेली चोवीस वर्षं दीदिमोच्या ताटात येत होता. त्या दिवशी तो समोरून तरंगत आला, त्याच्या ताटावरून पुढे गेला आणि योरिएलच्या ताटात उतरला. दीदिमोला मान मिळाली.

"मांडीला मांडी," नेरेइदाने खुलासा केला.

"आणि मला मान का? माझी मान दुखते असं मी कधी म्हणालो?"

"खा गपचूप."

मग रोजच हे सुरू झालं. योरिएल गेल्यावर नेरेइदा भांडी घासता घासता सहज काहीतरी बोलून जायची आणि दीदिमोच्या काळजात सुई टोचायची. "त्याची आई गेली ना, तेव्हा तो महिनाभर बॅटला शिवला नव्हता." "लहानपणी तो डावखुरा होता म्हणे." "सामन्याआधी त्याच्या पोटात कळ येते. रोज. कुणाला सांगितलं नाही त्याने."

"कुणाला सांगितलं नाही?" दीदिमो ओरडला. "तुला सांगितलं ना! मला का नाही सांगितलं? मी त्याचा एकेक आकडा पाठ केलाय!"

"आकडे पाठ करणाऱ्याला कोण पोटातली कळ सांगेल, दीदिमो?"

त्या रात्री त्याला झोप लागेना. आणि गंमत अशी की आपल्याला हेवा नेमका कुणाचा वाटतोय हेच त्याला कळेना. बायको त्या मुलावर इतकी माया करते म्हणून मुलाचा वाटतोय, की तो मुलगा बायकोशी मन मोकळं करतो म्हणून बायकोचा? डाव्या कुशीवर वळला की मुलाचा वाटायचा, उजव्या कुशीवर बायकोचा. उताणा झोपला तर दोघांचा.

ब्रेदियोने त्यात तेल ओतलं. "काय रे, तुझ्या पडवीत म्हणे रोज सर्कस असते. माझी बायको सांगत होती, हसण्याचा आवाज चौकापर्यंत येतो." मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "एकवीस वर्षांचा गडी, मांडी उघडी, आणि बायको तुझी. मी असतो तर ऑफिसला आलोच नसतो."

"ती त्याच्या आईच्या वयाची आहे!"

"मी काय म्हणतोय? मी काहीच म्हणत नाही. तू बैल काढ."

दीदिमोने बैल काढला. शिंगं जरा जास्तच मोठी झाली. (तिकडे बायकोने फसवलेल्या नवऱ्याला शिंगं फुटली असं म्हणतात.)

दुसऱ्या दिवशी तो लंगडत घरी आला. ही कल्पना त्याला नळावर हात धुताना सुचली होती, आणि तिच्यात काही खोट असेल असं त्याला मुळीच वाटलं नव्हतं. दुखावलेल्या माणसाला माया मिळते, तर आपण दुखावलेलं असावं. सोपं होतं.

"काय झालं?" नेरेइदाने मान वर न करता विचारलं. तिचे हात योरिएलच्या मांडीवर होते.

"पायऱ्यांवरून घसरलो. मांडी. मागची बाजू. अगदी याच्यासारखंच."

"बस तिथे. याचं झालं की बघते."

म्हणजे स्वतःच्या घरात, स्वतःच्या पडवीत, स्वतःच्या बायकोपुढे दीदिमो रांगेत दुसरा बसला. पाऊण तासाने त्याचा नंबर आला. तो बाकावर पालथा झाला, डोळे मिटले, मायेची वाट बघू लागला.

"कुठली मांडी?"

"डावी."

"येताना उजवीवर लंगडत होतास."

"दोन्ही गं!"

"हं," नेरेइदा म्हणाली, आणि मग तिने अंगठा रोवला. योरिएलला चोळताना कणकेसारखे मऊ असणारे तिचे हात आता एकदम सांडशी झाले. दीदिमोने जी किंकाळी फोडली ती ऐकून शेजारच्यांची कोंबडी भिंतीवरून उडाली.

"श्वास सोडा, सेन्योर," योरिएल त्याच्या कानाशी वाकून म्हणाला. "धरून ठेवलात की जास्त दुखतं."

गेल्या दहा दिवसांत योरिएल त्याच्याशी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. दीदिमोच्या डोळ्यांत पाणी आलं. (काही वाक्यामुळे, बरंचसं अंगठ्यामुळे.)

असा सतरावा दिवस उजाडला. गुरुवार. उपांत्य सामना शनिवारी, आणि नेरेइदाचे तीन आठवडे पुरे व्हायला चार दिवस बाकी. सकाळी ती मावसबहिणीकडे गेली होती, तिच्या सासऱ्याचं मनगट बसवायला. योरिएल वेळेवर आला, पडवीत एकटाच उभा राहिला, आणि त्याने दीदिमोकडे बघून विचारलं, "सेन्यो काही बोलली का माझ्याबद्दल?"

दीदिमोच्या डोक्यात त्या घटकेला दोन माणसं होती. एक होता संघाचा चाहता. त्याला योरिएल शनिवारी मैदानात हवा होता. दुसरा होता नवरा. त्याला योरिएल घराबाहेर हवा होता. ही दोन माणसं गेले सतरा दिवस एकमेकांशी भांडत होती, आणि आज पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

"बोलली," दीदिमो म्हणाला. "बरा झालास म्हणाली. शनिवारी खेळ म्हणाली."

योरिएलचा चेहरा असा उजळला की दीदिमोला क्षणभर बघवेना. त्याने दीदिमोचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले आणि निघून गेला. लंगडत नव्हता. फारसा नव्हता.

संध्याकाळी नेरेइदा परतली. "आज योरिएल आला नाही?"

"आला होता. बरं वाटतंय म्हणाला. गेला सरावाला."

तिने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. चोवीस वर्षांच्या संसारात दीदिमोने या बाईचे नाना परींचे "बरं" ऐकले होते, पण या "बरं"चा अर्थ त्याला लागेना. तिने त्या रात्री रश्श्यातला मांडीचा तुकडा त्याच्या ताटात वाढला. त्याला तो गिळता गिळेना. शुक्रवारी ऑफिसात त्याने वही उघडली तर प्रत्येक बैलाचा मागचा पाय त्याला सुजलेला दिसू लागला.

शनिवारी मैदान खच्चून भरलं होतं. उन्हाने पत्रे तापलेले, बँडवाले ट्रॉम्बोन फुंकून फुंकून लाल झालेले. दीदिमो पहिल्या बेसजवळच्या कठड्यापाशी, ब्रेदियोच्या शेजारी बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो देवाची प्रार्थना करत होता की आपल्या खेळाडूकडे चेंडू येऊ नये. चेंडू आला की योरिएल वाकायचा, आणि इकडे दीदिमो स्वतःची मांडी गच्च धरायचा.

"तुला काय होतंय?" ब्रेदियोने विचारलं. "बाळंतपण आहे का?"

नववा डाव. शेवटचा. संघ एका धावेने मागे, दोघे बाद, तिसऱ्या बेसवर आपला एक माणूस. आणि बॅट घेऊन योरिएल. एकोणीस वर्षं या क्षणासाठी दीदिमो जगला होता, आणि आता त्याला तो क्षण नको होता.

योरिएलने बॅट फिरवली. तो आवाज! चेंडू दोन खेळाडूंच्या मधून सरसरत लांब कुंपणाकडे गेला. तिसऱ्या बेसवरचा माणूस घरच्या बेसवर पोचला, एक धाव मिळाली, बरोबरी झाली. हजारो माणसं उभी राहून ओरडू लागली, "पळ, योरिएल, पळ! दुसऱ्या बेसला पळ!"

आणि त्या हजारोंत एकच माणूस ओरडत होता, "पळू नकोस! अरे बाळा, पळू नकोस! मी खोटं बोललो!"

"गप रे!" ब्रेदियोने त्याचा शर्ट ओढला. "कुणाच्या बाजूचा आहेस?"

योरिएल पहिल्या बेसवरून तीन पावलं पुढे गेलेला दीदिमोने पाहिला, आणि मग त्याला काही दिसेनासं झालं. तो कठड्यावर चढला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या, पोट पुढे असलेल्या माणसाने कठड्यावरून उडी मारू नये. त्याने मारली. एक पाय आला, दुसरा कठड्यातच राहिला, मांडीमागे "फट्" असं काहीतरी झालं, आणि दीदिमो बारिया मैदानाच्या तांबड्या मातीत तोंडघशी पडला. पडल्या पडल्याही तो ओरडतच होता, "थांब! तुझी मांडी!"

योरिएलने वळून पाहिलं. तो बेसवर परत आला होता, पाय टेकवून शांतपणे उभा होता. समोर सेन्योर बारिया मातीत लोळत होते. तो धावत त्यांच्याकडे आला, गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "श्वास सोडा, सेन्योर, श्वास सोडा."

चेंडू खेळात असताना बेस सोडायचा नसतो; सोडला आणि चेंडू अंगाला टेकला की बाद. समोरच्या संघाच्या खेळाडूने चेंडू घेऊन चालत, अगदी रमतगमत येऊन, योरिएलच्या पाठीला हळूच टेकवला. बाद. तिसरा बाद, म्हणजे डाव संपला. बँड थांबला. मैदानात अशी शांतता पसरली की ट्रॉम्बोनमधून गळणारं पाणीसुद्धा ऐकू यावं.

बरोबरीमुळे वाढवलेल्या दहाव्या डावात प्रांताचा संघ हरला.

ते पुढचं सांगण्यासारखं नाही. दीदिमोला चौघांनी उचलून नेलं तेव्हा लोकांनी त्याच्यावर संत्र्याची सालं फेकली, आणि उचलणाऱ्या चौघांपैकी एकाने त्याला मुद्दाम एकदा खाली सोडलं. तो ब्रेदियो होता.

एवढं मात्र खरं, की चार वर्षांत पहिल्यांदाच योरिएल हंगामाच्या शेवटी आपल्या दोन पायांवर धड उभा होता. बाकावर पालथा पडला होता तो दीदिमो. डावी मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी. त्याने नेरेइदाला सगळं सांगून टाकलं. खोटं, हेवा, कोंबडीचा तुकडा, ब्रेदियो, सगळं. ती चोळत राहिली. तिच्या हातांत मलम होतं आणि हात मऊ होते, आणि दीदिमोला वाटलं, सालं पडली तर पडली, हे काही वाईट नाही.

मंगळवारी योरिएल आंब्यांची पिशवी घेऊन भेटायला आला. बाकाशेजारी बसला, आणि काय आश्चर्य, आपणहून बोलू लागला. आईबद्दल बोलला, पोटातल्या कळीबद्दल बोलला. दीदिमो तृप्त झाला. शेवटी तो म्हणाला, "पोरा, तुझा हंगाम घालवला मी. पण तू दुसऱ्या बेसला पळाला असतास तर जन्माचा गेला असतास. म्हणून उडी मारली."

योरिएल गोंधळला. त्याने नेरेइदाकडे पाहिलं. नेरेइदा मलमाच्या बरणीत बघू लागली.

"पण सेन्योर," योरिएल म्हणाला, "मी पळणारच नव्हतो. तीन पावलं तर सगळेच पुढे जातात, वेग मोडायला. सेन्योने मला शुक्रवारीच बजावलं होतं. म्हणाली, 'नवऱ्याने सांगितलं ते खोटं आहे. खेळायचंच असेल तर खेळ, पण पहिल्या बेसच्या पुढे धावलास तर माझ्या दारात येऊ नकोस.' माझ्यानंतर आमचा सगळ्यात तगडा फलंदाज होता. मी नुसता उभा राहिलो असतो तरी..." त्याने वाक्य सोडून दिलं. मुलगा मुळात चांगला होता.

नेरेइदाने बरणीचं झाकण लावलं.

"तुला माहीत होतं," दीदिमो बायकोला म्हणाला. "आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते," नेरेइदा म्हणाली. "शनिवारपर्यंत बघितली."

दीदिमोने कपाळ बाकावर टेकवलं. एकोणीस वर्षं, उपांत्य सामना, सगळा प्रांत, स्वतःची मांडी. सगळं त्याने मनातल्या मनात एकापुढे एक मांडून पाहिलं. मग हळूच मान वर केली. त्याचे डोळे बारीक झाले होते.

"शुक्रवारी?" त्याने विचारलं. "म्हणजे मी ऑफिसात असताना तुम्ही दोघं भेटलात? कुठे? आणि किती वेळ?"